चाळीस माणसांची रेषा

मित्रांनो, माझ्या पोटावर एक पांढरी रेषा आहे. सध्या मी लाकडी ठोकळ्यांवर कोरडी उभी आहे, म्हणून ती तुम्हाला नीट दिसते. नाहीतर उभं आयुष्य ती पाण्याला टेकलेली असायची. मी कोपनहेगनच्या कालव्यांतून पाहुण्यांना शहर दाखवत फिरणारी एक जुनी लाकडी होडी. नाव माझं सिग्ने. माझी सगळी कथा त्या रेषेची आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करते.

माझा जन्म या शहरातला नाही. दक्षिणेकडच्या एका बेटावर लाउरित्स बोंदे नावाच्या सुताराने मला घडवलं. ओकच्या फळ्या वाफेवर मऊ करून त्याने माझ्या बरगड्यांवर वाकवल्या, त्यांची टोकं पुढच्या उंच खुंटात बसवली, फटींत तागाचे पिळे ठोकले आणि वरून डांबर ओतलं. डांबराचा वास आला की मला अजून माहेर आठवतं. पाण्यात सोडलं त्या दिवशी मी एका कुशीवर कलून, उंच उंच तरंगत राहिले. जमलेले लोक हसले. माझ्यात काही खोट राहिली असं वाटून मी शरमेने अर्धी झाले. लाउरित्स मात्र हसला नाही. त्याने शेजारच्या शेतातून बटाट्याची पोती आणवली, चाळीस माणसांच्या वजनाइतकी, आणि ती माझ्यात सारखी पसरून ठेवली. मी हळूहळू खाली बसले, सरळ झाले. पाणी जिथे टेकलं तिथे त्याने पांढरी रेषा ओढली.

"बघा," तो लोकांना म्हणाला, "रिकामी असली की हिचं डोकं हवेत असतं. चाळीस जण पोटात आले की कशी शहाणी होते!"

माझ्याविषयी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा ते मला जरा लागलंच. त्याचा अर्थ कळायला मला साठ वर्षं लागली.

मग मी कोपनहेगनला आले. मासळीबाजाराच्या जुन्या धक्क्याशी, कोळणीच्या दगडी पुतळ्यासमोर माझी जागा ठरली. तिथून निघायचं, राजवाड्याच्या बेटाला वळसा घालायचा, बुटक्या पुलाखालून बंदरात जायचं आणि तासाभराने परत यायचं. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळायचं मनावरच घेत नाही. रात्री दहालासुद्धा पाण्यावर मधाच्या रंगाचा उजेड पडलेला असायचा आणि त्यात चर्चचे मनोरे उलटे लटकून मंद हलायचे. एकाच्या छतावरून दुसऱ्याच्या घंटेवरून मी अलगद जायची. कधी कधी मला खरंच कळायचं नाही, की मी हलते आहे की शहर. वाटायचं, आपण जागच्या जागीच आहोत आणि हे राजवाडे, हे रंगीत घरांचे ओळीने उभे दर्शनी भाग, कुणीतरी आपल्यासमोरून सावकाश ओढत नेतं आहे. हा घोळ मी कुणाजवळ बोलले नाही. होडीनं असलं बोलू नये.

मी हे शहर पाण्याच्या बाजूने पाहिलं, त्यामुळे माझं पाहणं जरा वेगळं. खडकावर बसलेली ब्राँझची पोरगी, ती प्रसिद्ध जलपरी, बघायला जगभरातून लोक येतात. मला मात्र सगळा जन्म तिची पाठच दिसली. धक्क्याजवळच्या पुलाखाली, थेट पाण्याच्या तळाशी, काही पुतळे उभे आहेत: एक बाप आणि त्याची सात पोरं, हात वर पसरलेले. वरून जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतात. माझा तळ रोज त्यांच्या बोटांवरून जायचा. कुणाची तरी वाट बघत असावेत बिचारे. मी तिथून जाताना अंग चोरून घ्यायची.

आणि हात हलवणं! त्याविषयी सांगितलंच पाहिजे. या शहरातली माणसं मोठी संकोची. एका जिन्यावर वीस वर्षं राहतील, पण शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे बोलणार नाहीत. मदत मागणं म्हणजे तर दुसऱ्याच्या जिवाला घोर लावणं. पण होडी दिसली की यांचा हात आपोआप वर जातो. धक्क्यावर पाय सोडून बसलेले, सायकलवरून जाणारे, खिडकीत कुंड्यांना पाणी घालणारे, सगळे हात हलवतात. तिसऱ्या मजल्यावरची बिर्थे नावाची बाई तर माझ्या प्रत्येक फेरीला हलवायची. माझ्यात पाय मात्र यांच्यापैकी कुणी कधी ठेवला नाही. प्रेक्षणीय स्थळं पाहुण्यांनी बघायची, आपण तिथे राहायचं, अशी यांची समजूत.

माझी सगळ्यांत सुखाची वर्षं म्हणजे अक्सेल आणि सोल्वाय यांच्याबरोबरची. अक्सेल ब्रास्क माझा तांडेल. सुकाणूवर मागे उभा राहायचा, गालात काळ्या ज्येष्ठमधाची गोळी, तोंडातून दिवसाला पाच-सहा शब्द. सोल्वाय राव्न माझी वाटाडी. पुढे निळी लोकरी टोपी घालून उभी, हातात ध्वनिक्षेपक, आणि तोंडातून डॅनिश, जर्मन, इंग्रजी अशी तिहेरी धार. नवराबायको नव्हते ते. पण भांडण ऐकलं असतं तर तुम्ही फसला असता.

"अक्सेल, जरा हळू घे. माझं वाक्य संपायच्या आत तू राजवाडा संपवतोस."

"वाक्य आखूड कर."

"चारशे वर्षांचा इतिहास आहे, आखूड कसा करू?"

"मला काय विचारतेस? मी कुठे घडवला?"

बुटका पूल आला की मात्र दोघंही गप्प. हा त्यांचा ठराव कधी झाला मला माहीत नाही. पूल इतका खाली, की सगळ्यांना माना वाकवाव्या लागत. अक्सेल यंत्र बंद करायचा, सोल्वाय बोलणं थांबवायची, आणि चाळीस माणसं घेऊन मी नुसत्या वेगावर आत सरकायची. ओल्या दगडांवर उजेडाच्या लाटा थरथरायच्या. चाळीस जण श्वास धरून बसलेले मला तळापर्यंत जाणवायचे. दिवसातून सहा वेळा मला असं वाटायचं, की पूल असाच पुढे चालू राहावा आणि पलीकडलं टोक येऊच नये.

पुलाबाहेर आलं की समोर बोर्सेन, म्हणजे व्यापाऱ्यांचा जुना बाजार, माथ्यावर ड्रॅगनांचा मनोरा. सोल्वायचं सगळ्यांत लाडकं वाक्य तिथलं. "उजवीकडे, वर बघा! चार ड्रॅगन, शेपट्या एकमेकांत पिळून आभाळात चढलेले. हे चौघे या घराला आगीपासून राखतात असं म्हणतात. चारशे वर्षं झाली, पण अजून कुणी कुणाची शेपटी सोडलेली नाही." एकतीस वर्षं तिने हे सांगितलं. आवाज पाण्यावरून दोन्ही काठांच्या घरांत जायचा, उघड्या खिडक्यांतून लोकांच्या न्याहारीत मिसळायचा. तक्रार कुणी केली नाही.

मग एप्रिलमधली ती सकाळ. मी धक्क्याला बांधलेली होते आणि पाण्यात एक नारिंगी रंग आला, जो माझ्या ओळखीचा नव्हता. बोर्सेन पेटलं होतं. एकमेकांशी न बोलणारी हीच माणसं, कारकून, स्वयंपाकी, रस्त्याने चाललेले वाटसरू, आत धावली आणि भिंतीवरची भलीमोठी चित्रं खांद्यावर घेऊन बाहेर येऊ लागली. ड्रॅगनांचा मनोरा मात्र कुणाला खांद्यावर घेता आला नाही. तो जळत जळत एका बाजूला कलला आणि कोसळला. सोल्वाय काठावर तोंडाला हात लावून उभी होती. अक्सेल तिच्या बाजूला उभा होता.

फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी पोटात चाळीस पाहुणे होते. पुलाबाहेर आलो. सोल्वायचा हात सवयीने वर गेला आणि तोंडही सवयीने चालू लागलं. "उजवीकडे, वर बघा! चार ड्रॅगन..." चाळीस माना वर झाल्या. वर नुसतं आभाळ होतं आणि खाली जळके वासे, परांच्या. कुणीतरी हसलं. आणि मित्रांनो, मागून अक्सेलही हसला. वाईट मनाने नव्हे. रडू आवरताना माणसाचं कधी असं होतं. पण सोल्वायने ते ऐकलं. तिने ध्वनिक्षेपक बाकावर ठेवला, पुढच्या धक्क्याला उतरली आणि परत आली नाही.

अक्सेल तिच्याकडे गेला नाही. तिनेही काही कळवलं नाही. एकतीस वर्षांत त्यांना एकमेकांची माफी मागायची वेळच आली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझ्यात आता डब्यातला आवाज बसवला. तो कधी चुकत नसे आणि पुलाखालीही बोलत राही. दीड वर्षाने काचेच्या छताच्या, विजेवर चालणाऱ्या नव्या होड्या आल्या. त्या कशा न बोलता सर्रकन जातात, मला कौतुकच वाटलं. मला मात्र धक्क्याच्या टोकाला बांधून ठेवलं. रंगाचे पापुद्रे निघाले, बाकांवर सीगल पक्ष्यांनी बस्तान मांडलं. खरं सांगते, मला त्या वेळी फार एकटं वाटलं.

ऑक्टोबरात ठरलं, की मला मोडायचं. तेव्हा अक्सेल, वय वर्षं एकाहत्तर, पलीकडच्या काठावर क्रिस्तियान्सहाव्नमध्ये जुन्या लाकडी होड्या जपणारी एक मंडळी आहे, त्यांच्याकडे गेला. ते मला घ्यायला तयार झाले. अट एकच: शनिवारी दुपारी चारच्या आत होडी तिथे पोचली पाहिजे, कारण होड्या वर ओढायचे त्यांचे रूळ चारनंतर हिवाळ्यासाठी बंद. पोचली नाही, तर धक्का रिकामा करायला सोमवारी भंगारवाले यायचे होते.

मंडळींनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रुळांची गाडी जुनी आहे, शक्यतो हलकी आणा.' झालं! अक्सेल पडला या शहराचा माणूस. लिहून आलेली सूचना आणि ती पाळायची नाही? त्याने आठवडाभर खपून मला हलकी केली. बाकं काढली. टाकी उपसली. माझ्या तळाशी पुढे त्या बटाट्यांच्या जागी बसवलेल्या लोखंडी लाद्या एकेक करून छातीशी धरून बाहेर नेल्या. कुणाला हाक मारली नाही. पोटात काहीच उरलं नाही तेव्हा मी पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखी कलून, उंच तरंगू लागले. वरून दोन दिवस उत्तरेचा वारा समुद्राला कालव्यांत ढकलत होता. पाणी चढलं होतं.

शनिवारी तीनला आम्ही निघालो, आणि बुटक्या पुलाशी माझा पुढचा खुंट कमानीच्या दगडाला ठक्कन लागला. चार बोटं. चार बोटांनी मी उंच होते. अक्सेलने मला मागे घेतलं, पुन्हा आणलं. पुन्हा ठक्क. एकतीस वर्षं ज्या पुलाखालून त्याने मला डोळे मिटून नेलं, तो पूल आज मला आत घेत नव्हता.

"अडकलास?" वरून आवाज आला. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून सोल्वाय उभी होती. मला निरोप द्यायला आली असावी. तिने तसं कबूल मात्र कधी केलं नाही.

"थांबलोय," अक्सेल म्हणाला.

"कशासाठी?"

"पाणी उतरायची वाट बघतोय."

"कधी उतरणार?"

अक्सेलने आभाळाकडे पाहिलं. "सोमवारी."

"लोखंड कुठाय हिच्या तळातलं?"

"काढलं. हलकी आणा म्हणाले होते."

"किती काढलंस?"

"सगळं."

"अरे देवा! अक्सेल, जन्मात कधी अर्धं ऐकायला शीक की रे!"

तो खाली वाकला आणि हत्यारांच्या पेटीतून करवत काढली. पुढे येऊन त्याने माझ्या खुंटावर हात ठेवला. मित्रांनो, त्या खुंटात माझ्या सगळ्या फळ्यांची टोकं बसलेली आहेत. तो कापला तर मी पुलाखालून गेले असते, पण पलीकडे पोचली असती ती होडी नसती. अक्सेलला हे माहीत होतं. तरी त्याने करवतीचे दात लाकडावर टेकवले.

सोल्वाय धावत पायऱ्या उतरून काठावर आली. "करवत ठेव खाली."

"मग काय करू? सव्वातीन झालेत. चारला रूळ बंद. सोमवारी हिची लाकडं होतील."

"लोखंड परत घाल."

"ते कालच गाडीतून गेलं."

"किती बोटं उंच आहे ही?"

"चार."

"चार बोटं म्हणजे किती माणसं?"

अक्सेल माझ्या काठावरून ओणवा झाला. माझी पांढरी रेषा पाण्याच्या वर, उघडी, चार बोटांवर कोरडी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "चाळीस," तो म्हणाला. मग घाईने, "मला नाही जमणार. लोकांना कसं सांगायचं, या म्हणून?"

"तुला कधी जमलंय? ते माझं काम होतं."

सोल्वाय काठावरच्या बाकावर चढली. ध्वनिक्षेपक नव्हता, पण एकतीस वर्षांचा आवाज होता. "मंडळी! ही सिग्ने. पुलाखालून जायला हिला चाळीस माणसं हवीत, आत्ताच्या आत्ता. नाही गेली तर सोमवारी मोडतील. वेळ पंधरा मिनिटं, बसायला बाक नाही, फुकट आहे!"

धक्क्यावर पाय सोडून बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. एकमेकांकडे बघू लागले. या शहरात आधी कुणी उठायचं, हाच मोठा प्रश्न असतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन लागली आणि थोड्या वेळाने दारातून बिर्थे बाहेर पडली, काठी टेकत, पायांत घरातल्या सपाता.

"इतकी वर्षं हात हलवून खांदा दुखायला लागला," ती म्हणाली. "आता बसतेच."

मग मासळीच्या खानावळीतली स्वयंपाकीण पिठाच्या हातांनी आली. सायकली कठड्याला टेकल्या. दालचिनीच्या गोड पावाचे वळे खात बसलेलं एक अख्खं कुटुंब वळ्यांसकट आलं. आणि मित्रांनो, इतकी घाई असताना, कुणी न सांगता, त्या लोकांनी रांग लावली! एक गृहस्थ तर विचारत होते, "नंबराची चिठ्ठी घ्यायची आहे का?"

"तुम्ही फक्त जड व्हा," सोल्वाय म्हणाली.

एकेक जण उतरत होता, फळ्यांवर मांडी घालून बसत होता, आणि मी खाली जात होते. एक बोट. दोन बोटं. कूस सरळ झाली. पाणी रेषेच्या जवळ येत होतं आणि मला त्या बेटावरचे बटाटे आठवत होते. अक्सेल मोजत होता. "एकोणचाळीस," तो म्हणाला. रेषा अजून नखभर वर होती. काठ रिकामा झाला होता. दोर हातात धरून फक्त सोल्वाय उभी होती.

"एक कमी आहे," अक्सेल म्हणाला.

"मग हाक मार कुणाला तरी."

अक्सेलने गालातली गोळी इकडची तिकडे केली. एकोणचाळीस माणसं ऐकत होती. "त्या दिवशी मी हसलो," तो म्हणाला, "ते चुकलं. मला रडायला येत होतं. ये, सोल्वाय."

तिने दोर सोडला, माझ्या पुढच्या टोकाला, तिच्या जुन्या जागी उतरली. रेषा पाण्याला टेकली.

अक्सेलने यंत्र बंद केलं. चाळीस माना खाली गेल्या. मी सरकले. खुंटाच्या डोक्यावरचा रंग दगडाने किंचित खरवडला, तेवढंच. आत तोच ओला गारवा, तोच थरथरता उजेड, आणि माझ्या तळाला जाणवणारे चाळीस श्वास. या वेळी मात्र मला पलीकडलं टोक हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा हवं होतं.

उजेडात आलो. उजवीकडे बोर्सेन परांच्यांत उभं होतं, वर मोकळं आभाळ. सोल्वाय तिकडे पाठ करून उभी राहिली. तिचा हात वर जायला लागला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

तेव्हा बिर्थे खालून म्हणाली, "उजवीकडे, वर बघा."

"चार ड्रॅगन," स्वयंपाकीण म्हणाली, "शेपट्या एकमेकांत पिळून आभाळात चढलेले." मग सगळेच बोलू लागले, पुटपुटत, संकोचत, पण एकही शब्द न चुकता. एकतीस वर्षं खिडक्यांतून आत आलेलं वाक्य ते. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पाठ केलं नव्हतं. त्या आगीतून चित्रं आणली तसंच हेही कधीतरी त्यांनी उचलून घरी ठेवलं होतं. चाळीस जण रिकाम्या आभाळाकडे बघत होते आणि त्यांच्यात हसणारं कुणी नव्हतं. शेवटचा तुकडा मागून, सुकाणूवरून आला, अक्सेलच्या घोगऱ्या आवाजात. "अजून कुणी कुणाची शेपटी सोडलेली नाही."

सोल्वायने टोपी डोळ्यांवर ओढली. "अक्सेल," ती म्हणाली, "हळू घे जरा."

चारला सात मिनिटं कमी असताना आम्ही रुळांशी पोचलो.

आता मी छपराखाली आहे. मे महिन्यात मला पुन्हा पाण्यात सोडतील. सोल्वाय रोज येऊन रंग खरवडते आणि अक्सेलला कामं सांगते. मंडळींनी लोखंडी लाद्या परत मिळवल्या आहेत, पण अक्सेल त्या घालू देत नाही. ती जागा माणसांची आहे म्हणतो. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं जुनं काहीतरी उभं असेल. रंग लागेल त्याला, छप्परही लागेल, पण रिकामं ठेवलं तर ते कलतं. म्हणून विनवते, जाता जाता नुसता हात हलवू नका. या, माझ्यात बसा. थोडे जड व्हा.